अर्ज माघारीची गाडी

सरपंच बन्सीअण्णांची जीप ऐन वेळी बंद पडली आणि गावात दुसरी चालू चारचाकी म्हणून हर्षलची जपानी गाडी तेवढी उरली. तिला चालू म्हणावं की नाही, यावर गावात दोन मतं होती. पण इलाज नव्हता. दुपारी तीनच्या आत तालुक्याला पोचून रामहरीला सरपंचपदाचा अर्ज मागे घ्यायचा होता. आदल्या दिवशी खंडोबाच्या देवळात त्याने सगळ्यांदेखत बेलभंडारा उचलून तसा शब्द दिला होता. अर्ज राहिला तर अण्णा बिनविरोध होणार नव्हते, आणि देवासमोरचा शब्द मोडणाऱ्याला गावात दारात कोण उभं करतं?

रामहरी दर निवडणुकीला अर्ज भरायचा आणि दर निवडणुकीला अण्णा त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "पुढच्या टायमाला तूच." या वेळी त्याला खरोखर उभं राहायचं होतं. पण ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

हर्षल हा रामहरीचा मुलगा. नगरच्या एका फौजी साहेबाची बदली झाली तेव्हा ही जुनीपुराणी, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी त्याने पडत्या भावात उचलली. तिला मॉडिफाय करायचं फार मनात होतं, खिशात मात्र काही नव्हतं. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून त्याने स्प्रिंगा कापल्या. शर्यतीच्या गाडीतली खोलगट सीट भंगारातून आणली. तिला चार बोल्ट लागतात, याने दोनावर भागवलं. तिचा चार पट्ट्यांचा बेल्ट परवडेना, तेव्हा ट्रकवर माल आवळायचे पट्टे घेऊन सीटलाच बांधले आणि मधला खटका वेल्डिंगच्या दुकानात स्वतःच बनवला.

त्या सीटवर रामहरी बसला. मागे अण्णा आणि त्यांचा उजवा हात गोरक्ष, दोघेही गुडघे कानाला लावून. निघाले, आणि शाळेपाशीच पहिला गतिरोधक आला.

"उतरा," हर्षल म्हणाला. "खालून घासती."

सगळे उतरले. गाडी तिरपी होऊन पार झाली. सगळे बसले. पुढे दूध डेअरीपाशी पुन्हा उतरले. देवळापाशी पुन्हा.

"गावात एवढे गतिरोधक कुनी घातले रे?" अण्णा धापा टाकत म्हणाले.

"तुमीच, अण्णा. मागच्या टायमाला," हर्षल म्हणाला.

अण्णा पुन्हा वाकून मागच्या सीटवर शिरले.

कालव्याच्या रस्त्याला गतिरोधक नव्हते, नुसते खड्डे होते. स्प्रिंगा कापलेल्या असल्यामुळे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात पोचत होता. रामहरीचं डोकं टपाला आपटायला लागलं, तेव्हा हर्षलने गाडी थांबवून त्याला चारी पट्ट्यांनी आवळलं.

"दादा, आता हलनार न्हाई तुमी."

हे त्याचं बोलणं शंभर टक्के खरं ठरलं. निवडणूक कचेरीच्या आवारात गाडी थांबली तेव्हा तीन वाजायला थोडीच मिनिटं होती आणि खटका उघडत नव्हता. हर्षलने दाबला, अण्णांनी ओढला, गोरक्षाने बुक्की मारली. खटका आणखी आत गेला.

"अण्णा, माझा शब्द जाईल हो," रामहरी घामाघूम झाला होता. "देवापुढं उचललाय भंडारा. काय बी करा, पन आत न्या मला."

गोरक्ष पळत फाटकाबाहेरच्या रसवंतीतून कोयता घेऊन आला. अण्णांनी कोयता हातात घेतला आणि खिडकीतून रामहरीच्या पोटाशी नेला.

"हलू नको, रामहरी. एका घावात काम व्हतंय."

"नको अण्णा, मारताल मला," रामहरी जिवाच्या आकांताने ओरडला. फाटकावरच्या हवालदाराने मान वळवून पाहिलं आणि धावत येऊन कोयता काढून घेतला.

"पट्टा कापत हुतो," अण्णा म्हणाले.

"मी पाहिलं काय कापत होता ते," हवालदार म्हणाला.

आता समजावत बसायला वेळ नव्हता. हर्षलला दोन बोल्ट आठवले. आयुष्यात पहिल्यांदा काटकसर कामाला आली म्हणून त्याला भरून आलं. त्याने पान्याने दोन्ही बोल्ट काढले आणि तिघांनी रामहरीला सीटसकट खांद्यावर घेतलं. पुढे अण्णा, मागे हर्षल आणि गोरक्ष, त्यांच्यामागे कोयता घेतलेला हवालदार. आवारातली माणसं बाजूला झाली, दोघातिघांनी मोबाईल काढले.

सीट टेबलासमोर टेकली तेव्हा घड्याळात तीनला एक मिनिट कमी होतं. निवडणूक अधिकारी असलेल्या बाईंनी मान वर केली. समोर चार पट्ट्यांनी बांधलेला, कपाळावर टेंगूळ आलेला उमेदवार होता. त्याच्या शेजारी त्याचा प्रतिस्पर्धी धापा टाकत उभा होता.

"मॅडम, यांना अर्ज मागं घ्यायचाय," अण्णा माघारीचा कागद पुढे सरकवत म्हणाले. "राजीखुशीनं."

"तुम्ही बोलू नका. रामहरी, घाबरू नका, पोलीस आहेत इथं. तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?"

"न्हाई मॅडम. आमी देवळात ठरवलंय सगळं."

"देवळात काय केलं यांनी तुम्हाला?"

"मॅडम," हवालदाराने कोयता टेबलावर ठेवला, "आत्ता बाहेर पोटाला लावला होता."

"ते पट्टा कापायला, मॅडम," रामहरी कळवळून म्हणाला. "अण्णा देवमानूस हाय. मला सही करू द्या."

बाईंनी त्याच्याकडे फार दयेने पाहिलं. "किती भेदरलाय बिचारा," त्या म्हणाल्या आणि माघारीचा कागद त्यांनी आपल्याकडे ओढला. भिंतीवर तीन वाजले. "माघार नामंजूर. तुमचा अर्ज कायम आहे."

रामहरीला लाज वाटली, कारण त्याला मनातून प्रचंड आनंद झाला होता.

"अण्णा, मी शब्द मोडला न्हाई," तो हळूच म्हणाला.

"कसा मोडशील? खांद्यावर घालून मीच आनला ना तुला." अण्णा खांदा चोळत खाली बसले.

बाईंनी चिन्हांचा तक्ता पुढे केला. "कोणतं पाहिजे?"

रामहरीने सवयीने अण्णांकडे पाहिलं. अण्णा काहीतरी सुचवायला तोंड उघडत होते. तेवढ्यात रामहरीने हात पुढे केला. पट्टा आवळलेला असल्यामुळे तो तक्त्यापर्यंत पोचेना.

"हर्षल," तो म्हणाला, "जरा पुढं सरकव मला."