तेवीस दारांची म्हैस

या, असे पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसलेल्यांनीही थोडं जवळ यावं. बुवा अजून वाटेत आहेत, पेटीचा सूर लागायचा आहे, तोवर एक गोष्ट होऊन जाईल. गोष्ट देवादिकांची नाही, एका म्हशीची आहे. पण ऐकून झाल्यावर हात आपोआप जोडले गेले, तर मला दोष देऊ नका.

साल बासष्ट-त्रेसष्टचं. आचऱ्याच्या अलीकडे माळावर नवं कॉलेज निघालं त्याला दोन वर्षं झाली होती. कौलारू इमारत, चार वर्ग, आणि टोकाच्या खोलीवर पाटी: ‘विद्यार्थी साहाय्य केंद्र’. ज्यांच्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं अशी तेवीस मुलं-मुली त्या खोलीच्या आधाराने शिकत होती. मासे धरणाऱ्या गाबितांची होती, कुणब्यांची होती, भंडाऱ्यांची होती, दोन नवबौद्ध, एक किरिस्तांवांचा पास्कू. दुपारी त्यांना तिथे आमटी-भात मिळे, पुस्तकं वापरायला मिळत, आणि इंग्रजी घशाखाली उतरावं म्हणून संध्याकाळी तासभर जादा शिकवणी.

केंद्राचे प्रमुख होते परशुराम धुरी. मूळचे बांद्याचे, शिक्षण मुंबईत, वय पस्तीस, आणि स्वभाव भारी चौकस. कीर्तनाला बसले तरी आरती झाल्यावर बुवांना गाठून विचारायचे, “त्या राजाच्या रथाला घोडे नेमके किती?” बुवा त्यांना लांबून पाहिलं की दुसऱ्या दाराने निघत.

तर एके दिवशी विद्यापीठाचं पत्र आलं. केंद्राला मदत चालू ठेवायची तर मुलांना तिची खरोखर गरज आहे हे दिसलं पाहिजे. प्रत्येकाच्या घरच्या परिस्थितीचा एकतीस प्रश्नांचा तक्ता भरा. महिनाअखेर तपासनीस मुंबईहून येऊन निवडक पाच घरं स्वतः पाहतील. गरज दिसली नाही तर जूनपासून केंद्र बंद. धुरीसरांनी पत्र दोनदा वाचलं. या तेवीस जणांतली काशीबाईची आनंदी रोज चार मैल चालत कॉलेजात येई आणि दुपारच्या भातावर चार मैल परत जाई. ही खोली बंद झाली तर ती, आणि तिच्यासारखी निम्मीअधिक मुलं, जूननंतर दिसणार नव्हती.

सरांनी आधी मुलांनाच एकेक करून बोलावलं. घरी कसं चाललंय? प्रत्येकाने खाली बघून एकच उत्तर दिलं, “बरा आसा, सर.” आमच्याकडे परक्यापाशी घरातलं दुखणं काढत नाहीत. तेवीस वेळा ‘बरा आसा’ ऐकल्यावर सरांनी ठरवलं की घरोघर जायचं. बरोबर तुकाराम शिपाई. त्याला सगळ्या वाड्यांच्या पायवाटा ठाऊक. तो छत्री धरायचा, तक्त्यांची पिशवी सांभाळायचा आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचा नाही.

यादीत पहिलं घर काशीबाईचं. खाडीकाठी झावळ्यांनी शाकारलेलं खोपटं. नवरा होडीवर, बाई मासे विकणारी. सर ओट्यावर बसले आणि तक्ता काढून विचारू लागले. घर स्वतःचं का? माड किती? खाणारी माणसं किती? थोरल्या मुलीचं लग्न झालं? कर्त्या पुरुषाला काही व्यसन? घरात कुणाला मोठं दुखणं? मुंबईला कोण असतं?

दुखण्याच्या प्रश्नाला काशीबाईने पदर डोक्यावर ओढून घेतला. मुंबईच्या प्रश्नाला ती सावरून बसली.

“मगे ती माणसां कधी येतली?” तिने हळूच विचारलं.

“महिनाअखेर. मुंबईहून.”

“मुंबयसून? आणि इली काय काय करतली?”

“आधी घर पाहतील. मग काय ते पत्राने कळवतील.”

काशीबाई आत गेली ती घरातला एकुलता एक नारळ फोडूनच बाहेर आली. सरांपुढे रस-शेवयांची वाटी ठेवली आणि म्हणाली, “माड सोळा आसत.” माड होते चार. बाकीच्या बाराची फक्त सावली तिच्या अंगणात पडत होती. सरांनी सोळा लिहिले, आणि वाटी संपवून पुढच्या रकान्यात लिहिलं, ‘खाण्यापिण्याची ददात नाही.’

पुढच्या घरांत मात्र काहीतरी वेगळंच घडू लागलं. सर पोचण्याआधी अंगण सारवलेलं असे. ओटीवर घासून लख्ख केलेली समई, एक वेताची खुर्ची, आणि खुर्चीत तपकिरी कोट घातलेले कुणीतरी मामा, जे मुंबईला गिरणीत मोठ्या जागेवर असत. घरं बदलत, मामा बदलत, कोट तोच. दुसरं बटण नसलेला. आणि दारात म्हैस. नवबौद्धांच्या वाडीत पाहिलेली म्हैस: एक शिंग वळलेलं, दुसरं सरळ, शेपटीला पांढरा झुबका. दोन दिवसांनी पास्कूच्या अंगणात तीच रवंथ करत बसलेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात लवूच्या बापाकडे, म्हणजे गंगारामाकडे. माणसं अजून एकमेकांच्या ओट्यावर पाणी घेताना विचार करत होती, म्हैस मात्र सगळ्या दारांत सारख्याच मनाने पाणी पीत होती.

सरांच्या डोक्यात भुंगा शिरला. “तुकाराम, ही म्हैस आपण आधी कुठे पाहिली?”

“म्हशी सगळ्यो सारख्योच दिसतत, सर,” तुकाराम म्हणाला आणि छत्री दुसऱ्या हातात घेतली.

सर पडले सत्यवादी. डोळ्यांना जे दिसलं ते लिहायचं, असा नियम. महिना संपत आला तेव्हा टोकाच्या खोलीत बसून त्यांनी तेवीस तक्ते ओळीने वाचले. बावीस घरांत दुभती म्हैस, कुणाकडे वीस माड, कुणाकडे तीस, प्रत्येकाचा मामा गिरणीत मोठ्या जागेवर. ते वाचून विद्यापीठानेच या गावांकडे मदत मागितली असती. केंद्र बंद पाडायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. सरांच्या अक्षरातले हे कागद पुरेसे होते.

“तुकाराम, ही काय भानगड आहे? तुला माहीत असेल तर सांग.”

आता विचारलं होतं, म्हणून तुकारामाने सांगितलं. “लोकांका वाटता, तुमी सोयरिकी जुळवतास.”

“मी?”

“माड इचारलात. दुखणा इचारलात. थोरल्या चेडवाचा लगीन झाला काय ता इचारलात. वर मुंबयची माणसां घर बघूक येतली म्हणालात. आणखी काय इचारूचा रवला, सर? चेडवांका आणि झिलांका एका खोलीत कित्याक बसवतत, ता दोन वर्षां कोणाक कळत नव्हता. आता कळला.”

“आणि हे तू मला आज सांगतोस?”

“माका वाटला, तुमी तेच करतास.”

सर तसेच उठले आणि दोन दिवसांत तेवीसही घरं पालथी घातली. सोयरीक नाही, स्थळ नाही, हे मुलांच्या जेवणाचं आणि पुस्तकांचं आहे, असं घसा बसेपर्यंत सांगितलं. त्याने परिस्थिती सुधारायची ती बिघडलीच. निम्म्या लोकांना वाटलं, मुंबईच्या पार्टीला घर पसंत नाही, म्हणून सर आता हात झटकतायत. गंगारामाने तर तिथल्या तिथे आणखी दहा माड वाढवले. ज्यांना खरं पटलं, त्यांनीही माघार घेतली नाही. काशीबाईने सरळ विचारलं, “गरीब म्हणान लिवलास तर तो कागद मुंबयत जातलो. उद्या माझ्या चेडवाक खरोखरचा स्थळ इला आणि तेंणी तो वाचलो तर?” तर्कशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी तक्ता न बदलता पिशवीत घातला.

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीने तपासनीस उतरले. सडसडीत, चष्मेवाले, काखेत चामडी बॅग. चहा पिता पिता त्यांनी तक्ते चाळले. “अहो धुरी, यातलं प्रत्येक घर माझ्या गिरगावातल्या घरापेक्षा बरं दिसतंय.” सरांनी चहा तसाच खाली ठेवला.

पाहणी यादीच्या क्रमाने, म्हणजे पहिलं घर काशीबाईचंच. तिने काही कमी ठेवलं नव्हतं. दारात रांगोळी, ओट्यावर समई, वेताची खुर्ची, खुंट्याला म्हैस, आणि आनंदी कधी नव्हे ती भरजरी लुगड्यात. साहेब खुर्चीत बसले, चौफेर पाहिलं, रस-शेवयांना नको म्हणाले आणि पेनाचं टोपण बंद केलं. “धुरी, मला वाईट वाटतं. पण इथे केंद्राची गरज काही दिसत नाही.”

सर बोलायला गेले, पण बसलेल्या घशातून आवाज निघेना. तेवढ्यात आनंदी पुढे झाली आणि कॉलेजात बोलायच्या भाषेत, एकेक शब्द जपून, म्हणाली, “साहेब, तुम्ही बसलात ती खुर्ची पास्कूच्या घरची. समई लवूच्या आजीची. हे लुगडं शेजारच्या सुभद्रावहिनींचं. म्हैस कुणाची, ते मलाही माहीत नाही.” मग आत जाऊन तिने एक पुस्तक आणलं. “माझ्याजवळ आहे ते हे एवढंच. आणि हे केंद्राचं आहे. जूनमध्ये परत करायचंय.”

काशीबाई मुलीकडे बघत राहिली. आता ही बाई पोरीच्या थोबाडीत मारते की काय, असं सरांना वाटलं. पण ती चार पावलं चालत खुंट्यापाशी गेली आणि दावं सोडलं.

“माड चार आसत, साहेब. सोळा नाय. आणि ही म्हस जेची आसा, तेका पोचवया. चला.”

अशी दिंडी निघाली. पुढे काशीबाई आणि म्हैस, मागे तपासनीस, त्यांच्यामागे धुरीसर, आणि शेवटी डोक्यावर वेताची खुर्ची घेतलेला तुकाराम. गंगाराम अंगणातच होता. म्हैस बघून तो सवयीने म्हणाला, “ही आमचीच.”

“सकाळी ती माझी पण होती,” काशीबाई म्हणाली. “मी साहेबांका खरा सांगून बसलंय. माझी गेली ती गेली. आता तू सांग.”

गंगारामाने डोकं खाजवलं. म्हैस पास्कूच्या बापाकडून आणलेली. माडही आठच, बाकीचे भावाचे. साहेबांनी तक्त्यावर काट मारली. पास्कूच्या बापाने खुर्ची ओळखली आणि म्हैस नाकारली. ती त्याने वरच्या वाडीतून आणली होती. वरच्या वाडीने खालच्या वाडीकडे बोट दाखवलं. एकेका दारात म्हशीचा एकेक मालक कमी होत गेला आणि एकेक तक्ता खरा होत गेला. एकाने तर आपण होऊन कोट काढून साहेबांच्या हातात दिला आणि मोकळ्या अंगाने सगळं सांगून टाकलं. साहेब आले होते पाच घरं पाहायला. दुपारची परतीची गाडी निघून गेली तरी त्यांना भान नव्हतं. दर अंगणातून बाहेर पडताना ते विचारत, “ते ठीक आहे हो, पण म्हैस कुणाची?” चौकसपणाच्या बाबतीत धुरीसरांना आज जोडीदार भेटला होता.

उन्हं उतरली तेव्हा तेविसावं घर आलं, दाजी भंडाऱ्याचं. दाजी म्हणाला, “ती पयली माझ्या दारात बांधली, ह्या खरा. पण ती माझी नाय.” मग कुणाची, यावर तो झाडाकडे बघत राहिला. काशीबाई दमली होती. तिने दावं हातातून सोडलं. म्हशीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि आपल्या वाटेने चालू लागली. माळ ओलांडला, कॉलेजच्या मागे वळली, आणि तिथल्या एका कुडाच्या घरापाशी जाऊन मोकळ्या खुंट्याजवळ बसली.

तुकारामाने डोक्यावरची खुर्ची खाली ठेवली.

“माझी, सर,” तो म्हणाला. “मागूक इले. नाय कसा म्हणू?”

“अरे, मी तुलाच तर विचारत होतो.”

“आधी कुठे पाहिली, ता इचारलात. कोणाची, ता नाय इचारलात.”

घरातून एक मुलगी कळशी घेऊन बाहेर आली, परकी माणसं पाहून थबकली. साहेबांनी विचारल्यावर कळलं, ही तुकारामाची तुळसा. दोन वर्षांपूर्वी मॅट्रिक झाली, तेव्हापासून घरीच. कॉलेज तर घराला लागून, मग का गेली नाही? तुकाराम खुर्चीच्या वेताकडे बघत म्हणाला, “शिपायाच्या चेडवाचा नाव यादीत घातला तर लोक म्हणतले, आपल्याच माणसांची सोय करतत. सरांका बोल लागलो असतो.”

तुकारामाच्या खांद्यावरची पिशवी धुरीसरांनी स्वतःकडे घेतली. घोड्यांची संख्या विचारणारा हा माणूस, तेवीस घरांतले माड आणि दुखणी विचारून आलेला. दोन वर्षं ज्याने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली, त्याला मुलं किती, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते खुर्चीत बसले नाहीत. तुकारामाच्या ओट्यावर, जमिनीवर बसले, पिशवीतून कोरा तक्ता काढला आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. साहेबांनी आपलं पेन पुढे केलं.

“जनावरं?”

“म्हस एक.”

“दुभती?”

“होती,” तुकाराम म्हणाला. “तेवीस घरां फिरान आटली.”

चोविसावा तक्ता तेवढा पहिल्या फटक्यात खरा उतरला. जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं, केंद्र चालू राहिलं, आणि पहिल्या दिवशी आमटी-भाताला चोवीस ताटं मांडली गेली. तुळसा आनंदीच्या शेजारी बसली होती.

बुवांची पेटी लागलेली दिसते. उठू नका, तेवढं एक मागणं ऐका. लोकांची चौकशी करायला आपण लांबलांबची दारं ठोठावतो, ते करावंच. पण कधी जाताना शेजारून मुकाट चालणारं कुणी असेल, तर त्या तुकारामाची आठवण ठेवा, आणि पहिला प्रश्न त्याला विचारा.