सासूबाईंची कोंबडी आणि मोटारीची खिट्टी

प्यो संगजिनने बोटीची मोटार जाळली ती प्रेमापोटी. बायको मिरान प्रशिक्षणासाठी शहरात गेली होती आणि तिला बेटाची फार आठवण येत होती. फोनवर बोलता बोलता हा म्हणाला, "थांब, तुला बाबांच्या मोटारीचा आवाज ऐकवतो." बोट अंगणाखालच्या उतारावर, पाण्याबाहेर ओढून ठेवलेली होती. मोटार झकास सुरू झाली. मिरानला रडू आलं, तिचं ऐकून यालाही आलं, आणि दोघांचं रडून होईपर्यंत पंपातलं रबरी चक्र कोरडं फिरून फिरून भाजून निघालं.

समुद्राचं पाणी वर खेचून मोटारीला थंड ठेवणारं हे चक्र, म्हणजे इम्पेलर. ते गेलं की मोटारीच्या बाजूने पडणारी पाण्याची धार बंद होते, आणि धार बंद झाली की मोटारीचं काही खरं नाही. सासूबाई ओकनाम पलीकडच्या किनाऱ्यावर बाजाराला गेल्या होत्या. संध्याकाळच्या बोटीने परतणार होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी ओहोटी होती, शेजारणींना घेऊन खडकावर कालवं काढायला जायचं ठरलं होतं. दिवंगत सासऱ्यांच्या त्या बोटीची किल्ली त्यांनी जावयाला गेल्याच आठवड्यात दिली होती. देताना "बुडवू नकोस" एवढंच म्हणाल्या होत्या.

संगजिनच्या मनाला मात्र दुसरीच गोष्ट लागलेली होती. जावई घरी आला की सासूने अंड्यांसाठी राखलेली कोंबडी त्याच्यासाठी कापायची, ही तिथली रीत. संगजिन पहिल्यांदा आला तेव्हा सासूबाईंनी बाजारातून साफ केलेली कोंबडी आणली. अंगणातल्या तांबड्या कोंबडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही अंडी देते." शहरातली नोकरी सोडून बायकोच्या गावी येऊन राहिलेला हा माणूस काय देतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. तेव्हापासून ती कोंबडी त्याच्यासमोरून मोठ्या तोऱ्यात फिरायची.

तर सासूबाई यायच्या आत हे प्रकरण गुपचूप निस्तरायचं, असं त्याने ठरवलं. पडवीतल्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात सासऱ्यांनी ठेवलेले चांगले चार-पाच नवे इम्पेलर सापडले. केवढा जपून वागणारा माणूस, असं वाटून त्याला भरून आलं. मग मोबाइलवर व्हिडिओ लावून तो कामाला लागला. खाऱ्या पाण्याने गंजून घट्ट धरलेले बोल्ट हलेनात. हलले तेव्हा मोटारीचा खालचा भाग थेट त्याच्या पायावर उतरला. लंगडत लंगडत त्याने पंप उघडला, जळकं चक्र ओढून काढलं, आणि चक्राला दांड्याशी पकडून ठेवणारी नखाएवढी अर्धगोल खिट्टी टुणकन उडून जमिनीवर पडली. तो वाकायच्या आत कोंबडी वाकली.

खिट्टी गिळून कोंबडीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिला तिळाच्या तेलात भिजवलेला भात घातला. तो तिने आवडीने खाल्ला, थोडा वेळ कोपऱ्यात बसली आणि अंडं घालून मोकळी झाली. खिट्टी आतच राहिली.

तिला कापायची त्याची हिंमत नव्हती, हक्क तर नव्हताच. मग तो सरपंच मा दोकसूंकडे गेला. ते नुकतेच खताच्या गोण्या आल्याचं गावाच्या कर्ण्यावरून सांगून बसले होते.

"काका, एक खिट्टी हवी होती. कुणाला सांगू नका."

"कसली खिट्टी?"

"इम्पेलरची. सासूबाईंची मोटार मी कोरडीच चालवली."

"कोरडी? ती कशाला?"

"मिरानला आवाज ऐकवायला."

"बरं. मग जुनी खिट्टी कुठाय?"

"कोंबडीने गिळली."

सरपंच खुर्चीत सरळ बसले. "कुठल्या? त्या अंडी देणाऱ्या?"

"तीच. पाया पडतो काका, आईंना कळू देऊ नका. आधीच त्यांच्या लेखी मी बिनकामाचा आहे."

"अरे, माझ्या पोटात राहील," असं सरपंच म्हणाले, आणि समोरच्या टेकडीवरून त्यांचाच आवाज "राहील" म्हणत परत आला. माइकचं बटण बंद करायचं राहून गेलं होतं.

संगजिन घरी पोचला तेव्हा अंगणात जत्रा भरली होती. शेजारच्या म्योंगजा काकूंनी शेवयांचं पातेलं आणलं होतं. म्हातारे छिलबोक बाटलीभर खिट्ट्या घेऊन आले होते. त्यातली एकही बसेना, तेव्हा कुलपाची जुनी दांडी घेऊन तिची खिट्टी करायला ते कानशीने घासत बसले. कुणी पाना धरला, कुणी ग्रीस लावलं, कुणी किमचीचं लोणचं घालायचा मोठा लाल टब पाण्याने भरून ठेवला. या सगळ्यांचे हात फार सराईतपणे चालताहेत, असं संगजिनला वाटून गेलं.

"चक्र घड्याळाच्या काट्यासारखं फिरवत दाब," म्योंगजा काकू म्हणाल्या, "नाहीतर पाती उलटी वळतात."

"काकू, तुम्हाला कसं माहीत?"

"ऐकून आहे," म्हणून त्या शेवया वाढायला गेल्या.

मोटार टबात सोडून सुरू केली. सगळे श्वास रोखून बघत राहिले. मग बाजूच्या भोकातून बारीकशी धार उडाली.

"मुतली," छिलबोक समाधानाने म्हणाले.

संगजिनने एकेकापुढे कमरेत वाकून आभार मानले. या बेटावर आपण पाहुणेच राहणार असं त्याला सहा महिने वाटत होतं, आणि आज अख्खं गाव त्याच्यासाठी ग्रीसने बरबटलं होतं. सगळ्यांनी त्याच्या पाठीवर ग्रीसचे हात ठेवून, ओकनामला काही कळणार नाही अशी शपथ घेतली.

संध्याकाळी सासूबाईंना उतरवून घ्यायला सगळं गाव धक्क्यावर हजर होतं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं. सासूबाईंनी सगळ्यांकडे एकदा नीट पाहिलं आणि पिशवी जावयाच्या हातात दिली. घरी आल्यावर त्यांनी लाल टबाचा वास घेतला.

"कोंबडीने अंडं दिलं का रे?"

"दिलं."

"बरं," म्हणून त्या झोपायला गेल्या.

सकाळी संगजिनने सगळ्या बायकांना खडकावर नेऊन परत आणलं. वाटभर तो समुद्राकडे कमी आणि त्या धारेकडे जास्त बघत होता. मग सासूबाई घरी गेल्या आणि तो धक्क्यावर बोट धूत बसला. दुपारी कर्णा खरखरला.

"मी ओकनाम बोलतेय. काल मी बाजारात होते, त्यामुळे मला काही माहीत नाही. तुम्ही सगळ्यांनी एकेकाने फोन करून सांगितलंत, की आम्ही सांगितल्याचं जावयाला कळू देऊ नकोस. नाही कळू दिलं. आमचे हे होते तेव्हाही मला असंच काही माहीत नसायचं. ते मोटार कोरडी चालवायचे आणि तुम्ही धावायचात. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज मानते. सगळ्यांनी जेवायला या, रस्सा तयार आहे." कर्णा पुन्हा खरखरला. "जावईबापू, तुम्ही आधी या. तंगडी गार होतेय."

संगजिन पळतच घरी आला. सासूबाई सरपंचांकडून आधीच परतल्या होत्या. अंगणात कोंबडी नव्हती. पाटावर वाफाळता वाडगा होता आणि शेजारी बशीत धुऊन पुसून ठेवलेली ती अर्धगोल खिट्टी होती.

"आई, खिट्टीसाठी कापलीत होय?" त्याने कसंबसं विचारलं.

"खिट्टी काय, दुकानात मिळते," सासूबाई दुसरी तंगडी त्याच्याच वाडग्यात घालत म्हणाल्या. "ती ह्यांच्या डब्यात ठेवा. पुढच्या वेळी लागेल."