निर्बाल प्रत

नानांच्या घरात लहान मुलांची अतिशय दुर्मिळ पुस्तके होती आणि ती लहान मुलांपासून वाचवणे हे निवृत्तीनंतरचे त्यांचे एकमेव कार्य होते. पुस्तके काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली नानांच्या गळ्यात आणि खोलीच्या दारावर पाटी: 'बालसाहित्य विभाग. बालकांस प्रवेश नाही.'

यात नानांचा काही दोष नाही. दुर्मिळ बालपुस्तक जतन मंडळाचे नियमच तसे आहेत. पानावर पेन्सिलीची रेघ आढळली की पुस्तकाची श्रेणी घसरते. दुधाचा डाग सापडला तर आणखी घसरते. आवडत्या पानाचा कोपरा दुमडलेला असेल, तर मंडळ त्याला 'गंभीर बालोपद्रव' म्हणते आणि त्या प्रतीकडे ढुंकून पाहत नाही. उलट ज्या प्रतीला मूल कधी शिवलेच नाही, तिला सर्वोच्च श्रेणी: 'निर्बाल'. आजवर ती कोणालाच मिळाली नव्हती आणि नानांचा तिच्यावर डोळा होता.

कारण नानांकडे अस्वलाचे पुस्तक होते. मुखपृष्ठावर एक अस्वल छत्री घेऊन बंद दाराशी उभे. आतली पाने छापखान्यातून आली तशीच कडेला एकमेकांना जोडलेली. ती कोणी कापलीच नव्हती. म्हणजे हे पुस्तक जन्मल्यापासून कोणी वाचलेले नव्हते. बाकीच्या सगळ्या प्रतींच्या मुलांनी वाचून वाचून चिंध्या केल्या होत्या. मंडळाच्या भाषेत त्यांचे अकाली निधन झाले होते.

मंडळाचे परीक्षक तपासणीला यायचे ठरले आणि नेमकी तेव्हाच नात सुट्टीला आली. टिल्ली. आल्या आल्या तिने कपाटाच्या काचेला नाक लावले.

"आजोबा, अस्वलाला दार उघडलं का?"

"कोणास ठाऊक."

"पुस्तक तुमचंच ना?"

"माझंच. म्हणून तर वाचलं नाही."

नाकाचा ठसा पुसून नाना तडक स्वयंपाकघरात गेले. "घरात मूल आहे हे परीक्षकांना कळता कामा नये."

"मग कुठे ठेवू तिला? माळ्यावर?" आजीने विचारले.

"तात्पुरतं ठेवायला काय हरकत—"

"आधी तुमची अक्कल ठेवा तिथं. जागाही फारशी लागायची नाही."

परीक्षक आले. पांढरे हातमोजे चढवून, भिंग लावून त्यांनी पुस्तक तपासले, मग हुंगले. "दुधाचा वास नाही. उत्तम," ते म्हणाले. 'निर्बाल' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलाच होता, तेवढ्यात टिल्ली आजीच्या हातून निसटून थेट त्यांच्यापुढे उभी राहिली.

"काका, त्या अस्वलाला दार उघडलं का हो?"

नाना मध्ये धावले. "माफ करा साहेब, उद्याच परत पाठवतो हिला."

परीक्षकांनी मात्र भिंग टिल्लीकडे वळवले होते. "स्वतःहून विचारलं? कोणी पढवलं नाही? हातात मोबाइल नव्हता?" ते नानांकडे वळले. "अहो नाना, पुस्तकं काय, शोधली की मिळतात. गोष्ट मागणारं मूल मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय. मूळ कुतूहल शाबूत! कुठे दुमडलेलंसुद्धा नाही!"

घरात मूल निघाल्याने पुस्तकाची श्रेणी हुकली, पण टिल्लीला मिळाली: 'अतिदुर्मिळ, मूळ स्थितीत'. अट एकच. स्थिती बदलता कामा नये. एकदा उत्तर मिळाले की कुतूहल वापरलेले ठरते. सबब तिला गोष्ट सांगण्यास मनाई. टिल्लीच्या आईबापांनी आनंदाने सुट्टी वाढवून दिली. घराण्यात पहिल्यांदाच कोणाला श्रेणी मिळाली होती.

लांबून लांबून संग्राहक येऊ लागले. आपापली मुले मोबाइल देऊन गाडीत बसवायची आणि आत येऊन टिल्लीचा प्रश्न ऐकायचा. ती विचारी, "दार उघडलं का?" पाहुणे म्हणत, "वा!" आणि चहा पिऊन जात.

"आजी, सगळे नुसते हसतात गं. सांगत कुणीच नाही."

आजीला राहवले नाही. तिने पोरीला मांडीवर घेतले. "ये, मी सांगते. तर ते अस्वल..."

"अगं, थांब!" नाना धावत आले. "मंडळाच्या सन्मानपत्रावर तुझंही नाव घालणार आहेत. सह-जतनकर्ती!"

"छापील?" आजीने विचारले.

"सोनेरी अक्षरांत."

आजी जरा घुटमळली. मग टिल्लीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "नंतर सांगते हं, राणी."

सन्मानपत्र घेऊन परीक्षक फेरतपासणीला आले. टिल्ली सोफ्यावर गप्प बसून होती.

"विचार ना बाळा," नाना म्हणाले, "अस्वलाचं विचार."

"कशाला?"

"अगं, दार उघडलं का ते..."

"नसेल उघडलं," टिल्ली म्हणाली आणि तिने आजीच्या मोबाइलसाठी हात पुढे केला.

परीक्षकांनी भिंग खिशात घातले. "क्षमस्व. प्रत सामान्य झाली."

"काही दुरुस्ती? लागेल ती गोष्ट सांगतो साहेब, आत्ता सांगतो! पुस्तकाची पानं कापतो हवं तर!"

"ऐकणार कोण?" परीक्षक म्हणाले आणि सन्मानपत्राची गुंडाळी करून निघून गेले.

गोष्ट मागणाऱ्या मुलाचा मंडळाचा शोध अजून चालू आहे. आपण हे वाचत असताना शेजारच्या खोलीतून कोणी काही विचारले असेल आणि आपण "थांब जरा, वाचतोय ना" म्हणाला असाल, तर मंडळाला कळवण्याची तसदी घेऊ नये. आपली जतनाची पद्धत मंडळाला मान्य आहे.