विमान हे शेती-अवजार असल्याबाबत

गंगापूर रोडला राहणारे निवृत्त विज्ञानशिक्षक खंडेराव मोगल यांना साठाव्या वर्षी विमान उडवण्याचा नाद लागला. विमान त्यांनी स्वतःच्या हाताने बनवलं होतं. पंख थर्माकोलचे, मोटर मुंबईहून मागवलेली, लांबी जेमतेम दोन हात. ते बॅटरीवर उडायचं. बॅटरी आठ मिनिटं पुरायची आणि भरायला तास लागायचा.

शहराबाहेर लहानू पिंगळे याचं मुरमाड, पडीक रान होतं. सर रोज सकाळी तिथे जात, मारुतीचं बॉनेट उघडत आणि गाडीच्या बॅटरीला चिमट्यांनी चार्जर जोडून विमानाच्या बॅटऱ्या भरत. तिसरी भरून झाली की मारुती सुरू व्हायची नाही. मग लहानू हातातली मेथीची जुडी खाली ठेवून धक्का मारायला यायचा.

२००६ सालच्या मार्गशीर्षात पिंपळगाव बसवंतला सरांच्या पत्नी लताबाई यांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. सर सकाळी विमान उडवून आले होते. मारुतीने दारातच मान टाकली. लताबाई पोहोचल्या तेव्हा मांडवात फक्त खुर्च्या उचलणारी माणसं होती.

"एक तर त्या रानात वीज घ्या, नाहीतर मला माहेरी नेऊन सोडा," त्या म्हणाल्या. "कशातून सोडणार, ते आधी ठरवा."

लहानूने सोपा उपाय सांगितला. "सर, तारा डोक्यावरनंच गेल्यात. आकडा टाकतो. समदेच टाकत्यात."

सर खवळले. "एकतीस वर्षं पोरांना वीज शिकवली मी. चोरीची वापरू? रीतसर अर्ज करीन."

"मी नऊ वर्षं रीतसरच करतोय," लहानू म्हणाला. "करा तुमी बी."

वीज कार्यालयात अर्ज घेणारा भिकन निकम हा सरांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने उठून सरांचे पाय धरले, स्वतःच्या पैशाने चहा मागवला आणि अर्ज वाचून गंभीर झाला. भिकन लाच घेत नसे. संकट खरं तिथूनच सुरू झालं. घेत असता तर काम आठवड्यात उरकलं असतं.

"सर, प्रयोजनात 'विमानाची बॅटरी भरणे' लिहिलंय."

"तेच तर आहे."

"रकाने चारच आहेत. घरगुती, व्यापारी, औद्योगिक, शेती. विमान कशात बसवू?"

"छंद लिही."

"छंदाला दर नाही, सर. ज्याला दर नाही त्याला वीज नाही. तुम्हीच म्हणायचात ना, एकक लिहिलं नाही तर उत्तर बरोबर असूनही मार्क मिळणार नाहीत?"

सरांना अभिमान वाटला आणि त्यांनी अर्ज परत आपल्याकडे ओढला.

रानात घर नव्हतं, दुकान नव्हतं, कारखाना नव्हता. उरली शेती. पण शेतीची जोडणी पंपाला मिळते आणि पंप किमान तीन अश्वशक्तीचा लागतो. सरांचा चार्जर होता साठ वॅटचा. "साठ वॅटसाठी आमचा वायरमन खांबावर चढणार नाही," भिकन म्हणाला. "पंप दाखवा. कागदावर हो."

सरांनी लहानूच्या वतीने पंप दाखवला. पंपासाठी पाणी दाखवावं लागलं. पाण्यासाठी पीक. सातबाऱ्यावर तर 'पडीक' अशी नोंद होती. म्हणून 'द्राक्षबाग प्रस्तावित' असं प्रतिज्ञापत्र झालं. मग असं निघालं, की पंपाच्या जोडणीवर प्लग बसवता येत नाही. शेती-अवजारासाठी असेल तर येतो. भिकनने दोन दिवस नियम चाळले आणि स्वतः घरी येऊन आनंदाची बातमी दिली.

"द्राक्षावर पाखरं येतात, सर. तुमचं विमान पाखरं हाकलतं."

"माझं विमान कुणालाही हाकलत नाही!"

"कागदावर हो."

सरांनी सही केली. ती चौदावी सही होती. एकही खोटी नव्हती, कारण प्रत्येकीवर शिक्का होता.

पाहणीला चिमाजी दरेकर नावाचे अधिकारी आले. सरांनी विमान उडवलं. हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात ते घिरट्या घालू लागलं तेव्हा अधिकारीही क्षणभर टोपी धरून वर बघत राहिले. मग त्यांनी चारही दिशांना पाहिलं. द्राक्षं नव्हती, त्यामुळे पाखरंही नव्हती. त्यांनी शेरा लिहिला : 'पाहणीवेळी एकही पाखरू आढळले नाही. सबब अवजार परिणामकारक आहे.'

जोडणी मंजूर झाली. अट एकच : वर्षाच्या आत प्रस्तावित बाग प्रत्यक्षात दिसली पाहिजे, नाहीतर जोडणी तोडण्यात येईल आणि खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल सह्या करणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल.

सर महिनाभर नीट झोपले नाहीत. लहानू मात्र कामाला लागला. त्याने बोअर घेतली, पंप बसवला, दूरवरून काळी माती आणून मुरमावर पसरली. नऊ वर्षं अडलेलं त्याचं काम सरांच्या विमानाने केलं होतं. त्याने सरांना पेढे दिले, आणि पुढच्या खेपेला टेम्पो भरून लोखंडी अँगल उतरवले.

रानात काम चालू होतं तोवर विमान घरीच राहिलं; दोन वर्षांनी सर बॅटऱ्यांची पेटी घेऊन रानात आले. विमान धावायचं त्या पट्ट्यावर आता द्राक्षाचे वेल होते. अँगल रांगेने उभे होते आणि त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तारांचं जाळं ताणलेलं होतं.

"तुमचा प्लग मुद्दाम सावलीत बसवलाय, सर," लहानू कौतुकाने म्हणाला. "एकाच्या जागी दोन बसवलेत. लाइट सकाळी आठ तास असती. भरा किती भरायच्या त्या."

सरांनी चार्जर लावला. पेटीतल्या चारही बॅटऱ्या एकापाठोपाठ भरल्या. मारुती पहिल्या किल्लीला सुरू झाली असती.

"लहानू, विमान उतरवू कुठं?"

लहानूने बागेवरून नजर फिरवली. तो खरंच विचार करत होता. "घडांवर नका उतरवू, सर. एवढं बघा," तो हळूच म्हणाला.

सर बांधावर बसले. मांडीवर विमान होतं. वेलींत चिमण्या, बुलबुल, साळुंक्या मनसोक्त ओरडत होत्या; आता त्यांच्यासाठी द्राक्षं होती. सरांनी डोळे पुसले आणि थर्माकोलवर पडलेली माती पुसल्याचं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना त्यांनी सारी हकिगत सांगितली. कुणीतरी हळहळेल, असं त्यांना वाटलं होतं. मंडळी फार मन लावून ऐकत होती. शेवटी एक निवृत्त बँक मॅनेजर जवळ सरकून म्हणाले, "विमानाचं जाऊ द्या हो, मोगल. तो भिकन बसतो कुठे? आमच्या बंगल्याचं मीटर शेतीत बसेल का? मागे पेरूचं झाड आहे."

तुम्हाला हसू आलं असेल. यायलाच हवं. पण एव्हाना तुमच्याही नजरेसमोर गॅलरीतल्या कुंडीतला कढीपत्ता आला असेल, तर लपवू नका. वीज कार्यालय, पहिला मजला, डावीकडून तिसरं टेबल. कुंडी सोबत न्या; प्रत्यक्ष पाहणी लागते.