अबू शाहेरचा ब्रेक

"आज रस्त्यात कुणासाठी थांबायचं नाही, सांगून ठेवते!" उम्म शाहेरने नवऱ्याला दारातच बजावलं.

अबू शाहेरने मान डोलावली. त्या काळी मादबा ते अम्मान रस्त्यावर त्याची जपानी कोस्टर मिनीबस खिडक्यांच्या झालरीवरूनही ओळखू यायची. काय दिवस होते ते! त्या दिवशी मात्र तिच्यात घरातले वडीलधारे बसले होते, मुलासाठी, शाहेरसाठी, मागणी घालायला. मुलीचा बाप अबू लबीब मोठा तिखट. "हात दिसला की थांबणारा माणूस तो. त्याचा पोरगा लग्नालाही उशिरा येईल," असं तो गावभर सांगत होता.

गावाबाहेर पडताच एक हात वर झाला आणि कोस्टर थांबली.

"अरे, काय करतोस?" थोरला भाऊ ओरडला.

"पाय ऐकत नाही रे, दादा!"

गालाला रुमाल बांधलेले, पांढऱ्या दाढीचे भारदस्त आजोबा चढले, दाराजवळ बसले. सुजलेल्या गालाकडे बोट दाखवून त्यांनी डोळे मिटले. दात दुखणाऱ्या म्हाताऱ्याला उतरवायचं कुणी?

मुलीच्या घरापुढे गाडी थांबली, तेव्हा दवाखाना आला समजून आजोबाच पहिले उतरले. अबू लबीबने ती दाढी पाहून त्यांना थेट मानाच्या जागी बसवलं. यजमानाने बसवलेल्या पाहुण्याला 'हे आमचे नाहीत' कसं म्हणणार?

कॉफीचा पहिला पेला आजोबांपुढे आला. होकार मिळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अबू लबीबने नकार द्यायला घसा खाकरला, तेवढ्यात दाताला शेक मिळावा म्हणून आजोबांनी पेला रिकामा केला.

"प्यायले?" अबू लबीबने डोळे विस्फारले.

"संपवली," भाऊ पुटपुटला.

अबू लबीबने कपाळाला हात लावला. "झालं मग! माझ्या घरची कॉफी प्यायलात, आता नाही कसं म्हणू? दिली मुलगी!"

आतून बायकांच्या आनंदाच्या ललकाऱ्या उठल्या. सगळ्यांत मोठी नवरीचीच होती.

"अम्मान... कधी?" आजोबांनी कण्हत विचारलं.

पुढे कोस्टरचा रंग विटला, झालरी गेल्या. एका सकाळी रस्त्याकडेला नातीसाठी मिठाई घेऊन अबू लबीब हात वर करून उभा होता. अबू शाहेर उभ्या जन्मात पहिल्यांदाच पुढे निघून गेला. मग आरशात व्याह्याचं तोंड पोटभर पाहून त्याने गाडी हळूच मागे घेतली.

"दिसलो नाही का रे?" अबू लबीब भडकला.

"दिसलात की. पण हात दिसला की थांबणारा माणूस तुम्हाला कुठे आवडतो?"