शून्य बरोबर शून्य

"या वेळी कायम झालो नाही, तर नाव बदलेन!" सर घरात ठणकावून सांगत होते. बायकोने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की मान वर न करताच तिने विचारलं, "मग यंदा कोणतं ठेवणार?"

सर कॉलेजात गणिताचे हंगामी प्राध्यापक. त्या 'हंगामी'पायी बिचाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. पण या मुलाखतीसाठी त्यांच्याकडे हुकमाचा एक्का होता: लंब बहुपदींच्या निश्चयकांची नवी नित्यसमानता! निश्चयक म्हणजे आकड्यांचा चौकोन. त्यातून शेवटी एकच संख्या निघते. नित्यसमानता म्हणजे समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असे चौकोन, आणि उत्तर कायम सारखं. सरांच्या चौकोनांत प्रत्येक ओळ म्हणजे वरचीच ओळ, फक्त एक घर डावीकडे सरकलेली. सगळी करामत त्या सरकण्यात होती.

पडद्यावर दाखवायची पानं मेहुण्याने करून दिली. तो छापखान्यात मांडणी करायचा, हात मोठा सुबक. सरांनी पानं उघडूनही पाहिली नाहीत. उत्तरपत्रिका तपासून डोळ्यांच्या खाचा झालेल्या, त्यात ही आणखी कोण तपासणार!

समितीसमोर पहिलं पान उघडलं. सगळ्या ओळी एकाखाली एक, तंतोतंत सारख्या! आणि दोन ओळी सारख्या झाल्या, की निश्चयक शून्य.

"एक मिनिट हं," म्हणत सर बाहेर धावले आणि मेहुण्याला फोन लावला.

"अरे, काय करून ठेवलंस हे?"

"दाजी, तुमच्या सगळ्या ओळी सरकल्या होत्या हो! एकेक घर जागेवर बसवलं. आभार कसले मानता, घरचंच काम!"

सर पाय ओढत आत आले. अध्यक्ष चष्मा पुसत म्हणाले, "नित्यसमानता खरी आहे हो तुमची. डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य. किती वर्षं लागली?"

"साहेब, ते मेहुण्याने केलंय..."

"संशोधन मेहुणा करतो?"

"नाही, नाही! नुसती मांडणी!"

"असं? नंबर द्या त्याचा."

आता त्याचीही खरडपट्टी निघणार! तेवढंच समाधान म्हणून सरांनी नंबर दोनदा सांगितला.

संध्याकाळी मेहुणा हसतमुखाने दारात हजर.

"दाजी, तुमच्या कॉलेजात छपाईच्या कामाला लागलो! अध्यक्ष म्हणाले, इतक्या सरळ ओळी जन्मात पाहिल्या नाहीत."

"हंगामी?" सरांनी क्षीण आवाजात विचारलं.

"छे हो, कायम!" मेहुण्याने प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही आता अजिबात काळजी करू नका. तुमच्यासाठी मी शब्द टाकतो ना!"