गुळवणींचा पार

आयर्लंडमधल्या आमच्या ॲडम्सटाउनात पाऊस आला की माणसं घरात पळतात, आमचे शेजारी गुळवणी बाहेर पळतात. छत्री घेऊन माझ्या दारासमोर उभे राहतात आणि फरशीवरचं पाणी कुठे जातंय ते बघत बसतात. मी दार उघडलं की म्हणतात, "उतार चुकलाय." घर घेतल्यापासून माझा उतार चुकलेलाच आहे.

गुळवणी पुण्याचे लँडस्केप आर्किटेक्ट. तिकडे त्यांनी बागा केल्या, सोसायट्यांची अंगणं केली. वहिनींना इथल्या चिप कंपनीत नोकरी लागली म्हणून आले. इथे स्वतःच्या सहीने काम करायचं तर परवान्याची परीक्षा. तिच्यात झाडांबद्दल फारसं विचारत नाहीत. झाड कुणाच्या अंगावर पडलं तर जबाबदार कोण, हे विचारतात. गुळवणी मोठ्याने पाठ करतात आणि मधली भिंत पातळ आहे. त्यामुळे आयर्लंडचा कुंपणाचा कायदा मलाही येतो.

लेखी ते केव्हाच पास झाले. गाडी अडते तोंडीला. तिथे आपला एक नकाशा मांडून बोलायचं असतं. गुळवणी चौकाचा नकाशा नेतात आणि त्यात मधल्या झाडाला पार असतोच. दगडी, गोल, ऐसपैस. परीक्षक विचारतात, मुळांना हवा कुठून मिळणार? आणि या पावसात तिथे बसणार कोण?

"माणसं," गुळवणी सांगतात. नापास.

असं दोनदा झालं. या खेपेला नाही जमलं तर गोदामात नोकरी धरेन, असं त्यांनी जाहीर केलं. वहिनी काकुळतीला आल्या. "भावजी, तुम्ही तरी सांगा. तेवढा पार काढा म्हणावं."

त्यांची मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट पुट अ बेंच. इट्ल बी ग्रँड." इथे 'ठीक'ला 'ग्रँड' म्हणतात.

मी गेलो. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला होता. पार आता लाकडी होता, बुंध्यापासून सुटा, मुळांना मोकळी जागा सोडलेली.

"गुळवणी, सरळ बाक टाका की."

"बाकावर एकटा माणूस खपून जातो हो," ते पेन्सिलीला टोक करत म्हणाले. "पारावर एकटा बसला की कुणीतरी येऊन टेकतंच. इथे आल्यापासून मी सगळ्यांशी उभ्याउभ्याच बोललोय. 'ग्रँड?' 'ग्रँड.' संपलं. तुम्हीसुद्धा, उतार चुकलाय म्हटल्याशिवाय दारात थांबत नाही. तसा तुमचा उतार ठीक आहे."

मला फार वाईट वाटलं. चहा पिऊन घरी आलो.

निकालाच्या दिवशी पाऊस होताच. गुळवणी छत्री घेऊन माझ्या दारासमोर उभे.

"झालो पास," ते म्हणाले. "पारासकट. परत विचारलंन, बसणार कोण? म्हटलं, मी आणि माझे शेजारी."

मी आतून दोन खुर्च्या आणून दारावरच्या छपराखाली मांडल्या. गुळवणी संकोचले. फरशीकडे बघत म्हणाले, "तो उतार…"

"चुकलाय," मी म्हटलं. "या, बसा."